क्रोशेचा पहिला टाका: चौकोनाचा समोसा होऊ न देता

माझा पहिला चौकोन समोसा झाला होता. पंधरा टाक्यांनी सुरुवात केली, प्रत्येक ओळीत एक टाका कुठेतरी गळत गेला आणि चौदाव्या ओळीला दोनच टाके उरले. नवऱ्याने तो उचलून विचारलं, "चटणी कुठेय?"

तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते आणि मला चौकोन विणायचाच नव्हता. मला आजीचं तोरण दुरुस्त करायचं होतं. दोन्ही टोकांना राघू, मध्ये जाळीतून उठलेलं "सुस्वागतम", खाली गोंडे. असं एक तोरण तुमच्याही घरी कुठल्यातरी ट्रंकेत असेल. त्याची डावी कड उसवायला लागली होती. नाशकात चार दुकानांत विचारलं, दुरुस्त करून देणारं कुणी भेटलं नाही. म्हटलं, आपणच शिकू. चार व्हिडिओ पाहिले, चौघींनी एकाच टाक्याला चार नावं सांगितली. शेवटी आमच्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले. त्यांनी माझा समोसा हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाल्या, "टाका बरा घालतेस गं. मोजत नाहीस."

या लेखात एकच टाका आहे आणि एकच वस्तू आहे: साधारण दहा सेंटिमीटरचा सरळ कडांचा चौकोन. फुलं, बाहुल्या, टोप्या यातलं काहीही नाही. रोज अर्धा-पाऊण तास दिलात तर आठवड्याभरात हात बसतो.

१. आधी नावांचा घोळ मिटवू

आजीच्या पिढीत याला क्रोशा म्हणत, आता बहुतेक जण क्रोशे म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अर्थ लहान आकडा. स्वेटर विणायला दोन सुया लागतात, इथे टोकाला आकडा असलेली एकच. दोन सुयांच्या विणकामात पूर्ण ओळीचे टाके सुईवर असतात, म्हणून सुई निसटली की जीव जातो. क्रोशेत सुईवर बहुतेक वेळ एकच फास असतो. तो निसटला तर फार तर दोन-तीन टाके जातात. नवशिक्यांसाठी मला हे जास्त दयाळू वाटतं.

आमच्या घरात तीन नावं चालत: साखळी, मुका खांब आणि खांब. खांब म्हणजे उंच टाका. मुका खांब त्याच्याहून बुटका, दाट, मध्ये फट न सोडणारा. आपण मुका खांब शिकणार आहोत. घराघरांत नावं बदलतात. कुणी मुका टाका म्हणतं, कॉलेजातल्या मुली सरळ "सिंगल" म्हणतात. त्यावर वाद घालू नका, टाका कसा घातला जातोय ते पाहा.

इंग्रजी नावांचा सापळा मात्र मोठा आहे. अमेरिकन पद्धतीत या टाक्याला सिंगल क्रोशे म्हणतात आणि नेमक्या याच टाक्याला ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डबल म्हणजे ब्रिटिश ट्रेबल. मी एक आख्खा रुमाल चुकीच्या उंचीचा विणून मग हे शिकले. ओळखायची खूण सोपी आहे: नमुन्यात कुठेही "सिंगल क्रोशे" हा शब्द दिसला की तो अमेरिकन, कारण ब्रिटिश यादीत सिंगल नावाचा टाकाच नसतो.

२. सामान: दोन-तीन प्लेट मिसळीच्या पैशांत

- क्रोशेची सुई, ४ मिमीची, एकच. आकार अंगठा टेकायच्या चपट्या जागेवर कोरलेला असतो. साधी ॲल्युमिनियमची चालते.
- फिक्या रंगाची, गुळगुळीत, आठ प्लायची (प्लाय म्हणजे लोकरीच्या जाडीचं माप) ॲक्रिलिक लोकर, एक गुंडा.
- छोटी कात्री.
- मोठ्या नेढ्याची, बोथट टोकाची सुई. स्वेटरचे भाग जोडायला वापरतात ती.
- दोन सेफ्टी पिना. बांगडीला अडकवलेल्या असतील त्याच काढा.
- मोजपट्टी. शाळेतली चालेल.

वर्धमान, ओसवाल, गंगा यांपैकी कुठलीही लोकर सरावाला ठीक आहे. वेष्टनावर सुचवलेल्या सुईचं चित्र आणि माप असतं. तिथे ४ मिमी किंवा त्याच्या आसपासचं काही दिसलं की घ्या. रंगाच्या बाबतीत दुकानदाराचं ऐकू नका. काळा, गडद निळा, मरून या रंगांत टाके दिसतच नाहीत आणि आपल्याला तर टाके बघायलाच शिकायचंय. पिस्ता, आकाशी, लिंबू चांगले. पांढराही नको, सहाव्यांदा उसवेपर्यंत तो राखाडी होतो. केसाळ, मखमली, चमकीची किंवा सप्तरंगी लोकर दुकानात कितीही गोड दिसली तरी पहिल्या महिन्यात घरात आणू नका. केसाळ लोकर उसवता येत नाही, आणि तुम्ही खूप उसवणार आहात.

काही दुकानांत अजून लडी मिळते. ती तशीच विणायला घेतली तर अर्ध्या तासात तिचा गुंता होतो. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा, लडी त्यांवर चढवा आणि आधी गुंडा करा. गुंडा करताना लोकर ताणू नका. ताणून गुंडाळलेली लोकर विणल्यावर आखडते.

बारीक सुती दोरा आणि स्टीलची सुई यांचा मोह होईल, कारण आजीचं तोरण त्यातलंच असतं. थांबा. आपल्या नाशकातून निघालेली गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या आंध्रातल्या नरसापूर भागात बायका पिढ्यान्‌पिढ्या बारीक दोऱ्याची क्रोशे लेस विणतात. त्यांचे हात बघितले की वाटतं काहीच अवघड नाही. पण त्या दोऱ्यात टाका बाजरीच्या दाण्याएवढा असतो. तिथे चूक दिसायलाही सराव लागतो. शिवाय स्टीलच्या बारीक सुयांवर मिमीऐवजी नंबर असतात आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. हे ठाऊक नसलं की घरी भलतीच सुई येते.

बारा सुया, शंभर प्लॅस्टिकच्या पिना आणि झिपची पेटी असा संच ऑनलाइन स्वस्त दिसतो. माझ्याकडे आहे. त्यातल्या नऊ सुया मी अजून वापरलेल्या नाहीत.

३. बसणं आणि धरणं

दिवसाउजेडी खिडकीशी बसा. चाळिशी लागली असेल तर चष्मा लावा, लाजू नका. पहिले चार दिवस समोर मालिका नको.

सुई उजव्या हातात दोन प्रकारे धरता येते: पेन धरतो तशी किंवा भाजी चिरताना सुरी धरतो तशी. दोन्ही बरोबर. आकडा मात्र तुमच्याकडे आणि किंचित खाली बघत असला पाहिजे.

खरं काम डाव्या हाताचं आहे. गुंड्याकडून येणारी लोकर करंगळीभोवती एक वेढा घालून घ्या, मधल्या दोन बोटांखालून न्या आणि तर्जनीवरून पुढे आणा. तर्जनी थोडी उंच ठेवायची, म्हणजे लोकर ताठ उभी राहते आणि आकड्याला सापडते. अंगठा आणि मधलं बोट विणलेला भाग चिमटीत धरतात, सुईच्या अगदी जवळ. ही चिमूट प्रत्येक तीन-चार टाक्यांनी पुढे सरकवत राहायची. ती मागे राहिली की सगळं डुगडुगतं आणि माणूस घाबरून लोकर आवळतो.

काकूंनी माझ्या तर्जनीवर टिचकी मारून म्हटलं होतं, "हात सैल सोड गं. चोर पकडलायस का?"

डावखुऱ्या मंडळींनी हे सगळं आरशातल्यासारखं उलट करायचं. शिकवणारी व्यक्ती उजवी असेल तर तिच्या शेजारी बसू नका, समोर बसा. तिचा उजवा हात तुमच्या डाव्या हातासमोर येतो आणि तसंच्या तसं करता येतं.

४. सुरगाठ

निरगाठ नको, सुरगाठ हवी. लोकरीच्या टोकाकडून वीतभर लांबी सोडा. तिथे बोटाभोवती एक वेटोळं करा. आता गुंड्याकडच्या लोकरीचा थोडा भाग त्या वेटोळ्यातून ओढून बाहेर काढा, पूर्ण टोक नाही, फक्त एक फास. तो फास सुईवर चढवा. मोकळं टोक ओढलं की गाठ बसते, गुंड्याकडची लोकर ओढली की फास लहान होतो.

परीक्षा अशी: गुंड्याकडची लोकर ओढून फास लहान होत नसेल आणि मोकळं टोक ओढून होत असेल, तर तुम्ही टोकाकडची बाजू आत ओढलीत. सोडा, पुन्हा करा. तसंच पुढे गेलात तर आकाश कोसळत नाही, पण सुरुवातीची गाठ पुढे हळूहळू सैल होऊ शकते.

फास सुईवर मागेपुढे सहज सरकला पाहिजे.

५. साखळी: पहिला दिवस हिचाच

सुईच्या मागून लोकर वर आणा आणि सुईवरून पुढे घ्या. हा एक वेढा. आकड्यात ती लोकर धरून सुईवरच्या फासातून ओढून काढा. जुना फास खाली गेला, नवा सुईवर आला. झाली एक साखळी.

वेढा घेताना लोकर सुईवरून आपल्याकडे येते. बरेच जण नकळत सुईच लोकरीवरून नेऊन लोकर खालून उचलतात. त्यानेही विणलं जातं, पण टाका जास्त घट्ट आणि थोडा पीळ पडलेला येतो. बाहुल्या विणणारे काही जण मुद्दाम तसं करतात. तुम्ही मात्र आत्ता एकाच सवयीवर राहा, नाहीतर एका ओळीचं रूप दुसरीशी जुळत नाही.

सुईचे भाग नीट बघा. टोकाला आकडा, त्यामागे निमुळता घसा आणि मग सरळ जाड दांडा. नवा फास घशात अडकवून आवळायचा नाही, तो दांड्यावर येऊ द्यायचा. टाक्याचं माप दांडा ठरवतो. ४ मिमी हे कोरलेलं माप याच भागाचं. माझे सुरुवातीचे टाके इतके घट्ट होते की पुढच्या ओळीत सुई घुसेना, आणि मी दोष सुईला देत होते.

तीस-चाळीस साखळ्या घाला. ओढून उसवा. पुन्हा घाला. क्रोशे उसवायला अक्षरशः दोन सेकंद लागतात, सुई काढा आणि ओढा. पहिल्या संध्याकाळी मी हे दहा-बारा वेळा केलं असेल. सगळ्या साखळ्या साधारण सारख्या दिसायला लागल्या की पुढे जा. तंतोतंत सारख्या कुणाच्याच येत नाहीत.

मग साखळी सपाट ठेवून तिच्याकडे बघा. समोरून ती वेणीसारखी दिसते, एकापुढे एक इंग्रजी व्हीचा आकार. उलटी केली की मागे मण्यांची रांग दिसते. विणताना वेणी तुमच्याकडे हवी. मणी दिसायला लागले तर साखळीला पीळ पडलाय.

मोजताना प्रत्येक व्ही म्हणजे एक साखळी. सुईवरचा फास मोजायचा नाही. सुरगाठही मोजायची नाही. निम्मे समोसे इथेच जन्माला येतात.

६. पहिली ओळ

चौकोनासाठी १६ साखळ्या घाला. त्यातून १५ मुके खांब होतील. एक साखळी ओळीच्या सुरुवातीला उंची देण्यात जाते.

सुईजवळची पहिली साखळी सोडा आणि दुसरीत शिरा. व्हीच्या दोन पाकळ्यांपैकी वरच्या पाकळीखालून सुई पुढून मागे घाला. नंतर:

- एक वेढा घ्या आणि तो साखळीतून आपल्याकडे ओढा. आता सुईवर दोन फास आहेत.
- पुन्हा एक वेढा घ्या आणि दोन्ही फासांतून एकदम ओढून काढा. सुईवर एक फास उरला.

हाच मुका खांब. शिरा, ओढा, दोन, वेढा, दोन्हीतून बाहेर. आठवडाभर मी हे भाजी निवडतानाही पुटपुटत होते.

पहिला वेढा ओढून आणल्यावर त्याला किंचित वर घ्या, कापडाच्या काठाच्या उंचीला. तिथेच कंजूषपणा केला की टाका आखूड राहतो आणि दुसरा वेढा दोन फासांतून काढताना आकडा अडकतो. अडकला तर सुई थोडी फिरवून आकडा खाली तोंड करून काढा, सुटतो.

पुढच्या प्रत्येक साखळीत एकेक मुका खांब घाला. पहिली ओळ सगळ्यांनाच छळते, कारण हाताला धरायला काही नसतं आणि साखळी गोल गोल फिरते. तिसऱ्या ओळीपासून काम सोपं होतं. पहिल्याच ओळीत "मला जमणार नाही" म्हणून सोडून देणाऱ्या तीन मैत्रिणी मी पाहिल्या आहेत.

ओळ संपली की मोजा. १५.

सोळा आले तर बहुधा सुरगाठीतही एक टाका घातलात. चौदा आले तर एखादी साखळी सुटली किंवा सुरुवातीलाच एक जास्त सोडली गेली. दोन्ही वेळा उसवा. "पुढच्या ओळीत भरून काढू" हा विचार मनात आणू नका.

७. वळण: सगळी गोम इथे आहे

पहिल्या ओळीच्या शेवटी सुईवर एक फास आहे. वळण्याआधी एक काम करा: आत्ताच घातलेल्या शेवटच्या टाक्याच्या डोक्यात सेफ्टी पिन अडकवा. टाक्याचं डोकं म्हणजे वरच्या काठावर आडवा पडलेला व्ही. सुईवरच्या फासाच्या लगेच खाली जो व्ही दिसतो तो.

आता एक साखळी घाला. पुस्तकाचं पान उलटतो तसं विणकाम उलटा. जी बाजू मागे होती ती समोर आली आणि तुम्ही पुन्हा उजव्या टोकाला आलात.

आता पहिला टाका कुठे? नवशिक्याला वाटतं, साखळी घातली तिथून पुढे. म्हणून तो पिन लावलेला व्ही ओलांडून दुसऱ्यात जातो. गेला एक टाका. वळणाची साखळी ओढली जाते तेव्हा पहिल्या व्हीला झाकून टाकते, त्यामुळे डोळ्यांना तो दिसतच नाही. पिन आहे म्हणून दिसेल. पिन आहे तिथेच पहिला टाका. पिन काढा, सुई व्हीच्या दोन्ही पाकळ्यांखालून घाला आणि मुका खांब पूर्ण करा.

तो पूर्ण झाल्याबरोबर त्याच टाक्याच्या डोक्यात पिन लावा. का? कारण या ओळीचा पहिला टाका म्हणजे पुढच्या ओळीचा शेवटचा. परत येताना ओळीच्या शेवटी पुन्हा तोच गोंधळ होतो: शेवटचा व्ही थोडा पलीकडे झुकलेला असतो, काठ आल्यासारखा वाटतो आणि आपण एक टाका आधीच थांबतो. किंवा उलट, त्याच्याही पुढे वळणाची साखळी दिसते, तिच्यातही एक टाका घालतो आणि चौकोनाचा घागरा होतो. मुक्या खांबात वळणाची साखळी टाका म्हणून मोजत नाहीत. तिच्यात विणायचं नाही.

दोन पिना अशा फिरत राहतात. एक प्रत्येक ओळीच्या पहिल्या टाक्यात, एक शेवटच्या टाक्यात. पिनेच्या गोल स्प्रिंगमध्ये लोकर अडकत असेल तर दुसऱ्या रंगाच्या लोकरीचा बोटभर तुकडा व्हीखालून घालून ठेवा, तोही तेच काम करतो. पाच-सहा ओळींनंतर डोळ्यांना काठ ओळखता येतात, मग पिना बांगडीला परत लावा.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी मोजा. मी बोटाने नाही, सुईच्या टोकाने एकेक व्हीला स्पर्श करत मोजते. ओळ झाली की कॅलेंडरच्या मागच्या पानावर पेन्सिलीने एक रेघ, पाच झाल्या की आडवी काट. आजीच्या तोरणाच्या पिशवीत मला जुन्या कॅलेंडरचं एक पान सापडलं, त्यावर अशाच रेघा आहेत. चाळीस वर्षं सफाईने विणणारी बाई मोजत होती. "सुस्वागतम"मधल्या स्वा च्या कान्यात तरीही एक घर कमी आहे. त्या ओळीची रेघ ओढतानाच बहुतेक कुणीतरी हाक मारली असावी.

किती ओळी? आकडा डोक्यात ठेवू नका. या लोकरीत आणि सुईत १५ टाके साधारण दहा सेंटिमीटर भरतात आणि चौकोन व्हायला सतरा-अठरा ओळी लागतात, पण तुमचा हात घट्ट की सैल यावर ते बदलतं. रुमाल घडी करतो तसा एक कोपरा तिरका दुमडा. कडा कडेवर बसली की चौकोन झाला, वर पट्टी उरली तर एखादी ओळ जास्त झाली.

८. बिघाड आणि त्यांची कारणं

दोन्ही कडा आत चालल्यात: पहिला किंवा शेवटचा टाका सुटतोय. पिना लावा, मोजा.

कडा बाहेर पसरतायत: वळणाच्या साखळीत विणताय किंवा एकाच व्हीत दोनदा शिरताय.

खालची कड धनुष्यासारखी वाकली आहे: सुरुवातीच्या साखळ्या वरच्या टाक्यांपेक्षा घट्ट आहेत. हे फार जणांचं होतं. पुढच्या वेळी फक्त साखळी ४.५ किंवा ५ मिमीच्या सुईने घाला आणि पहिल्या ओळीपासून ४ मिमी घ्या.

कापडावर आडव्या रेषा उठतायत: व्हीच्या दोन्हींऐवजी एकाच पाकळीखालून सुई जातेय. दिसायला ते छान असतं आणि काही नमुन्यांत मुद्दाम करतात, पण चुकून कधी एक कधी दोन असं झालं की कापड खराब दिसतं.

लोकरीचे पदर सुटून सुई मधून जातेय: सुई व्हीखालून न जाता लोकरीतून जातेय. त्या टाक्यापुरतं मागे या. तसंच सोडलं तर नंतर तिथे लोंबणारी तार दिसत राहते.

मध्येच टाका हाताला वेगळा लागतोय, जाडसर: बहुधा गुंड्याच्या लोकरीऐवजी सुरुवातीचं मोकळं टोक घेऊन विणलंत. माझ्या बाबतीत हे दोनदा झालं. टोक पाठीमागे टाकून ठेवा.

मनगट दुखतंय: वीस मिनिटांनी उठा, हात झटका, चहा टाका. सुई गच्च धरण्याचा हा परिणाम असतो. दुखत असताना "एवढी ओळ संपवते" म्हणू नका, ती ओळ घट्टच येते.

९. शेवट आणि टोकं

शेवटची ओळ झाली की वीतभर लोकर सोडून कापा. एक वेढा घ्या आणि फासातून ओढताना पूर्ण टोकच बाहेर काढा. हळू ओढून घट्ट करा. झालं बंद, आता हे उसवणार नाही.

दोन टोकं लोंबतायत. ती कात्रीने जवळून कापायची नाहीत, हा मोह प्रत्येकाला होतो. बोथट सुईत टोक ओवा, मागच्या बाजूने टाक्यांच्या आतून चार-पाच सेंटिमीटर न्या, मग एक टाका सोडून उलट दिशेने परत आणा. दिशा बदलली की धुण्यात निघत नाही. उरलेलं मग कापा.

चौकोन थोडा वाकडा असेल तर ओला करून, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, सपाट ठेवून हाताने चारही कोपरे ओढा आणि सावलीत वाळवा. ॲक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका. ते तापलं की ढिलं पडतं, चकाकतं आणि परत पूर्ववत होत नाही. त्याच कारणाने या चौकोनावर गॅसवरून उतरवलेली कढई ठेवायची नाही. गरम भांड्याखाली ठेवायचं असेल तर पुढचा चौकोन जाड सुती दोऱ्याचा विणा. सुती दोरा लोकरीसारखा ताणत नाही, त्यामुळे हात थोडा जास्त सैल ठेवावा लागतो.

दुसरा गुंडा आणायला गेलात तर वेष्टनावरचा रंगाचा लॉट नंबर जुळवा. एकाच नावाचा पिस्ता दोन लॉटमध्ये दोन पिस्ते असतो. लडी सुटी घेतली असेल तर वीतभर तुकडा पर्समध्ये ठेवा आणि दुकानाच्या दिव्यात नाही, रस्त्यावर येऊन बघा.

१०. यानंतर

असे चार चौकोन विणा. चौथा सरळ आला की खांबाकडे जा. खांबात सुई टाक्यात घालण्याआधीच एक वेढा घ्यायचा, म्हणजे लोकर ओढल्यावर सुईवर तीन फास येतात. मग वेढा घेऊन दोनातून काढायचं, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनातून. हात लगेच ऐकतो, नवीन काही वाटत नाही.

मोजणी मात्र बदलते. खांबाच्या ओळीला वळताना एकाऐवजी तीन साखळ्या घालतात आणि बहुतेक नमुन्यांत त्या तीन साखळ्या हाच ओळीचा पहिला खांब धरतात. म्हणजे इथे पहिला व्ही खरोखरच सोडायचा आणि परत येताना शेवटचा खांब त्या तीन साखळ्यांच्या डोक्यात घालायचा, मुक्या खांबाच्या अगदी उलट. माझा दुसरा समोसा इथे झाला. बांगडीवरच्या पिना पुन्हा काढा.